चार नंबरच्या छतावरची बकरी

१२ जानेवारी, सोमवार

हॉलमधला टीव्ही गेला एकदाचा! सकाळी फट् असा आवाज, जळका वास, आणि पडदा काळा. इन्चार्जबाई हळहळल्या. मीही तोंड पाडून उभी राहिले, पण आतून नुसत्या उड्या मारत होते. किती वर्षं त्या बातम्या सोसल्या! सहा माणसं सहा मशीनना जोडलेली, आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. रक्त बाहेर जातंय, धुऊन आत येतंय, आणि समोर कोणीतरी घसा फोडून सांगतंय की जग बुडालं.

मग अशी शांतता पसरली की मशीनची घरघरसुद्धा बोचायला लागली. बेकरीवाले काका म्हणाले, "सिस्टर, हे टीव्हीपेक्षा वाईट हो." (मी सिस्टर नाही, डायलिसिस मशीन चालवणारी तंत्रज्ञ आहे. सांगून सांगून जीभ झिजली. आता सिस्टर तर सिस्टर.)

म्हटलं, हीच संधी. पर्समधून माझा छोटा स्पीकर काढला आणि सध्या ज्याच्यापायी मी वेडी झालेय तो नवा अल्बम लावला. एक बाई धान्याच्या रिकाम्या गोदामात एकटी बसून सेलो (व्हायोलिनचा थोरला भाऊ) वाजवते. बस, एवढंच. पण एक सूर काढते, थांबते, तो सूर पार पलीकडच्या भिंतीला हात लावून परत येतो, आणि परत येणाऱ्या सुरावर ती पुढचा ठेवते. स्वतःशीच जुगलबंदी! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं दूध उतू गेलं होतं.

सगळे ऐकत होते. खरंच ऐकत होते! फक्त पाच नंबरच्या खुर्चीवरून वकीलसाहेब म्हणाले, "हरकत आहे. हे वाजवणं आहे, की कोणाच्या दाराला तेल घालायचं राहिलंय?" निवृत्त होऊन जमाना झाला, पण हा माणूस कोर्टातून घरी आलेलाच नाही.

घरी ताईला सगळं रंगवून सांगितलं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. खाली तिचं छपाईचं दुकान, वर आम्ही दोघी. ती म्हणाली, "तुझी शिफारस म्हणजे सक्ती असते गं. मी निदान दुसऱ्या खोलीत पळते. ते बिचारे नळ्यांनी बांधलेत."

१६ जानेवारी, शुक्रवार

फळा आणला! पांढरा, पेनाने लिहायचा. वर लिहिलं: आजची शिफारस.

आज पॉडकास्ट. बसडेपोतल्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खिडकीवर बसणारी एक बाई दर भागात एका वस्तूची गोष्ट सांगते. कोणी आणली, कुठल्या सीटखाली होती, न्यायला कोण आलं, की कोणीच आलं नाही. आज कवळीचा भाग लावला. कवळी बसमध्ये विसरते कशी? तर तो माणूस झोपलेल्या बायकोपासून लपून फरसाण... नाही, शेंगदाणे खात होता, दाणा अडकला म्हणून कवळी काढली म्हणे! बेकरीवाले काका इतके हसले की त्यांच्या मशीनचा अलार्म वाजला.

आणि नेमका हाच भाग मधेच संपला. पुढचं पुढच्या भागात. चार तास संपले तरी काका उठेनात. "मिळाली का त्याला कवळी परत, तेवढं सांगा सिस्टर." "सोमवारी या, मग कळेल." या हॉलमध्ये सोमवारी यायची घाई झालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

चार नंबरवर नवी मुलगी आली आहे. पंचविशीची असेल. खांदे रुंद, हात लांब. मानेजवळ कॅथेटरची नळी, त्यावरून टोपीचं जॅकेट, टोपी नाकापर्यंत ओढलेली. कवळीवर हसली नाही. दोन किडन्या एकदम गेल्या, कशाने ते डॉक्टरांनाही नीट कळलेलं नाही. पोहायला शिकवायची. आता मानेत नळी असल्यामुळे पाण्यात उतरायला बंदी. तिची आई बाहेरच्या बाकावर चार तास पर्स मांडीवर धरून बसते.

२१ जानेवारी, बुधवार

सोमवारी ती आलीच नाही. खाडा म्हणजे खेळ नाही. पाणी अंगात साठतं, फुप्फुसात उतरतं. आज आली, वजन बरंच वाढलेलं. मोठे डॉक्टर समजावून गेले की मानेतली नळी कायम ठेवता येणार नाही, हाताचं छोटं ऑपरेशन करून घे. फिस्टुला म्हणतात त्याला. हातातली नस आणि धमनी जोडायची, म्हणजे नस जाड होते आणि सुया तिथे टोचता येतात. ती एकच वाक्य बोलली. "ते केलं म्हणजे हे कायमचं झालं ना? नको."

मी ठरवलंच. हिला मीच खुलवणार! पोहणारी मुलगी, म्हणून मुद्दाम पाण्याचा अल्बम शोधला. एका माणसाने समुद्राखाली मायक्रोफोन सोडून लाटा, बुडबुडे, दूरच्या बोटीची धडधड असं सगळं पकडलंय आणि त्यावर हलका पियानो. डोळे मिटले की आपण पाण्यातच! माझे चांगले हेडफोन तिच्या कानाला लावले. काही मिनिटांतच तिने ते काढून चादरीवर ठेवले आणि भिंतीकडे तोंड केलं. बहुधा हेडफोन कानाला टोचत असावेत. जरा स्वस्तातले आहेत.

वकीलसाहेब सगळं बघत होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "सिस्टर, उपाशी माणसाला मेजवानीचे फोटो दाखवतेस?" मला काही कळलं नाही. त्यांना भूक लागली असेल म्हणून मी दोन बिस्किटं दिली.

३० जानेवारी, शुक्रवार

आज जे झालं ते लिहिताना हात आवरत नाहीये!

बेकरीवाले काका आडवे पडल्या पडल्या म्हणाले, "कानाची सोय केलीत, पण डोळ्यांचं काय? मी इतकी वर्षं तो डाग बघतोय." मी वर पाहिलं. छताचे पांढरे चौकोन, आणि काकांच्या बरोबर वर ओल आलेला पिवळा डाग. मी रोज या हॉलमध्ये उभी असते, पण वर कधी बघितलंच नव्हतं! ही माणसं तर वरच बघतात. त्यांच्यासाठी हॉल म्हणजे छत.

मग डोक्यात जी वीज चमकली! भिंतीवर कशाला, छतावर प्रदर्शन लावायचं! प्रत्येक खुर्चीच्या वर एक छायाचित्र किंवा चित्र. आणि खरी गंमत अशी की आपल्या डोक्यावर काय लावायचं ते आपण ठरवायचं नाही, दुसऱ्याने आपल्यासाठी निवडायचं. शिफारस म्हणजे तेच तर असतं. हे मला आवडलं, आणि ते पाहताना तू आठवलास.

इन्चार्जबाईंनी कपाळाला हात लावला. "जंतुसंसर्गाचं काय? पुसता यायला हवं." लॅमिनेट करू. "पुसणार कोण?" मी. "पडलं कोणाच्या अंगावर तर?" ताईच्या दुकानातला फलक लावणारा माणूस बसवून देईल. "मोठे डॉक्टर काय म्हणतील?" मोठे डॉक्टर दारातच उभे होते. म्हणाले, "माझ्या केबिनच्या छतालाही एखादं लावा."

४ फेब्रुवारी, बुधवार

चिठ्ठ्या टाकल्या. वकीलसाहेबांना दोन नंबरच्या आजींची चिठ्ठी आली, बेकरीवाल्या काकांना चार नंबरच्या मुलीची. वकीलसाहेबांनी लगेच काकांशी चिठ्ठी बदलून घेतली. नक्की काहीतरी खोडी काढणार. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत चमक होती.

मी आठवडाभर जमवलेली चित्रं सगळ्यांना फोनवर दाखवली. उंच इमारतींच्या गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, एवढंच रंगवणारी एक चित्रकार. सुईदोऱ्याने चेहरे काढणारा एक जण, ज्याच्या चित्रांना मुद्दाम ठेवलेली दोऱ्याची टोकं लोंबतात. आणि माझा सर्वांत लाडका छायाचित्रकार. तो गोठ्यात स्टुडिओचे दिवे लावून शेळ्या, गाढवं, कोंबड्या यांचे फोटो काढतो, अगदी मंत्र्यासंत्र्यांचे काढावेत तसे. प्रत्येक जनावराचा स्वभाव चेहऱ्यावर! सगळ्यांना परवानगीसाठी लिहिलं. शेळ्यांवाल्याचं उत्तर तासाभरात आलं: "दवाखान्याच्या छतावर माझी बकरी? तिच्या सात पिढ्या उद्धरल्या!"

चार नंबर आजही आली नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

ताई जेवताना हसत होती. "तुझे ते वकीलसाहेब आले होते दुकानात. काठी टेकत, ओट्याच्या पायऱ्या चढून. बकरीचे तीन फोटो समोर ठेवले आणि त्यातली सगळ्यात चिडकी निवडली. म्हणाले, हिला बघून राग यायला हवा. राग आला की माणूस उठून बसतं."

म्हणजे मुद्दाम चिडवायचं! आजारी मुलीला! किती हा दुष्टपणा. ताईला म्हटलं, "तू छापलीस कशाला?" ती म्हणाली, "मला त्यांचं पटलं." कधी कधी ताईचं डोकं कसं चालतं, देव जाणे.

९ फेब्रुवारी, सोमवार

उद्घाटन! छताला पाच चित्रं! (पाच नंबरची चिठ्ठी चार नंबरच्या वाट्याला उरली होती, आणि ती त्या दिवशी आलीच नव्हती.) आजींच्या वर वाळणारे कपडे, बेकरीवाल्यांच्या डागावर दोऱ्याचा चेहरा. आजींनी कपडे बघून आधी विचारलं, "चिमटे का नाही लावलेत?" मग सगळा वेळ वर बघत राहिल्या. मी हॉलभर नाचत होते म्हटलं तरी चालेल.

चार नंबर उशिरा आली. टोपी ओढून आडवी झाली. बऱ्याच वेळाने तिची नजर वर गेली. वर ती बकरी. काळीकुट्ट, मान वळवलेली, एक कान खाली, आणि चेहऱ्यावर असा तिरस्कार की जणू आपणच तिचा चारा खाल्लाय. मुलीने टोपी मागे सारली. पहिल्यांदा तिचा पूर्ण चेहरा पाहिला मी.

"हे कोणी लावलं?"

पाच नंबरवरून आवाज आला, "मी. का?"

"का म्हणजे? बकरी?"

"तुझ्यासारखंच तोंड करून बसते. म्हटलं, सोबत होईल."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही चळलाय का?"

"आजोबा म्हणू नकोस. वकीलसाहेब म्हण."

"बरं, आजोबा."

मी पटकन सेलो लावला, आवाज जरा मोठा. वातावरण निवळलं. जाताना मुलीने विचारलं, "मी कोणासाठी निवडू शकते का? बुधवारी आणलं तर चालेल?" बघा! सेलोने काम केलं! संगीतात ताकद असते ती अशी.

११ फेब्रुवारी, बुधवार

ती वेळेच्या आधी हजर! हातात गुंडाळलेला कागद. ताईच्या दुकानातूनच छापून आणला होता. एका नव्या छायाचित्रकर्तीचं काम: स्टीलच्या ताटलीत उभं एकच अंडं, एका बाजूने उजेड. बस. इतकं गोल, इतकं गुळगुळीत, की हात फिरवावासा वाटतो. छायाचित्र म्हणून अप्रतिम! पण वकीलसाहेबांच्या डोक्यावर एक केस नाही. ती म्हणाली, "आजोबा, वर आरसा लावलाय."

वकीलसाहेबांनी चष्मा सरळ केला, बराच वेळ न्याहाळलं. "हरकत आहे," ते म्हणाले. "अंड्याचा रंग माझ्यापेक्षा उजळ आहे."

आजींना हसून ठसका लागला. मी मात्र दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. उद्या ही दोघं एकमेकांच्या नळ्या ओढतील.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

युद्ध चालू आहे. वकीलसाहेबांनी मुलीला पॉडकास्टची शिफारस केली. एक माणूस दर आठवड्याला त्याच तळ्याकाठी बसतो आणि काय दिसलं ते सांगतो. बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. ती म्हणाली, "हा माणूस झोपेत बोलतोय." ते म्हणाले, "सातवा भाग ऐक, बदक येतं." तिने सातवा भाग ऐकला. बदक आलं आणि गेलं. "एवढंच?" "तू आणखी काय अपेक्षा धरली होतीस? बदकाने साक्ष द्यावी?"

बदला म्हणून तिने त्यांना आपल्या आवडीचा नवा बँड ऐकायला दिला. चार मुली, दोन ड्रम, आणि असा दणका की हेडफोनमधून बाहेर तीन खुर्च्यांपर्यंत ऐकू येत होता. वकीलसाहेब दात आवळून अख्खा अल्बम ऐकत बसले! संपल्यावर निकाल दिला. "आरोपी दोषी आहेत. तिसरं गाणं मात्र बरं."

"तिसरं?" मुलगी उठून बसली. "तिसरंच का?"

"त्यात कोणीतरी श्वास घेतं. बाकीच्यांत सगळ्याच धावतायत."

तिने बोटाने चादरीवर ठेका धरून पाहिला. मग हेडफोन मागून घेतले आणि तिसरं गाणं पुन्हा लावलं.

दोन आठवडे एकही खाडा नाही. इन्चार्जबाईंना मी अभिमानाने सांगितलं की माझ्या शिफारशींचा गुण आहे. आता मुलीसाठी गाण्यांचा खास क्रम लावतेय. हळूहळू, शांत शांत.

२५ फेब्रुवारी, बुधवार

वकीलसाहेबांचं ब्लडप्रेशर आज भलतंच चढलं. वाद काय, तर छायाचित्र काळंपांढरं चांगलं की रंगीत! ते हातवारे करत होते, सुई असलेला हातसुद्धा. मी हबकले. इन्चार्जबाईंना म्हटलं, या दोघांना वेगळं करूया, दोघांच्याही भल्यासाठी. वरच्या हॉलमध्ये दुपारच्या शिफ्टला जागा आहेच. त्यांनी मान डोलावली. वकीलसाहेबांना फोन केला तेव्हा त्यांनी आधी कारण दोनदा विचारलं. मग म्हणाले, "तुझ्या कोर्टात अपील नसतं का?" मी हसले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

शांतता! अंडं वरच्या हॉलमध्ये लावून आले, पाच नंबरचा चौकोन पुन्हा पांढरा. नवा रुग्ण सोमवारी येणार, तोवर खुर्ची रिकामी.

मुलगी आली ती हातात काहीतरी घेऊन, हसत. खुर्ची बघून थबकली. "आजोबा कुठे आहेत?"

नेमका तेव्हाच आजींच्या मशीनचा अलार्म वाजत होता. मी तिकडे धावता धावता म्हटलं, "ते गेले. तू त्याचा विचार करू नकोस."

"आणि ते अंडं?"

"तेही काढलं."

तिने हातातलं पाकीट बॅगेत ठेवलं. चारही तास एक शब्द नाही. मी तिच्यासाठी तयार केलेला शांत क्रम लावला, सेलोपासून सुरुवात. तिने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. गाढ ऐकत असणार. किती छान दिवस!

४ मार्च, बुधवार

सोमवारी नाही. आज नाही. फोन लावला तर आई म्हणते, "खोलीचं दार उघडत नाही हो. म्हणते, काय उपयोग." काय चुकलं? क्रमातलं तिसरं गाणं फार उदास होतं का? मी सगळा क्रम पुन्हा ऐकला. सुंदर आहे. मग काय?

६ मार्च, शुक्रवार

आज स्पीकर पर्समधून काढलाच नाही.

सकाळी तिला चाकाच्या खुर्चीवरून आणलं. ओठ निळसर, एका श्वासात दोन शब्दसुद्धा मावत नव्हते. आईच्या पायात दोन वेगळ्या चपला. मोठे डॉक्टर, इन्चार्जबाई, मी, सगळे तिच्याभोवती. मशीन लावलं, पाणी ओढायला सुरुवात केली. माझे हात आपोआप चालत होते. तासाभराने श्वास जरा खाली बसला. मी ऑक्सिजनचा मास्क नीट करायला वाकले तर तिने माझं मनगट धरलं.

"काय झालं होतं त्यांना?"

"कोणाला?"

"आजोबांना. कशाने गेले?"

मग माझंच वाक्य माझ्या कानावर येऊन आदळलं. ते गेले. तेही काढलं. अरे देवा! इथे एखादी खुर्ची रिकामी होते तेव्हा आम्ही कोणीच काही सांगत नाही, विषय बदलतो. तिला दुसरं काय वाटणार होतं?

"अगं, वर गेलेत!" मी ओरडले. तिचे डोळे आणखी भरले. "वर म्हणजे वरच्या मजल्यावर! जिन्याने! दुपारची शिफ्ट! जिवंत आहेत, चांगले खणखणीत!"

ती रडायला लागली. मग हसायला. मास्कमध्ये दोन्ही एकदम करता येत नाही, मशीन बोंबलायला लागलं. इन्चार्जबाई धावत आल्या. "काय केलंस आता?" काय सांगू, बाई!

मी वकीलसाहेबांना फोन केला. त्यांनी अर्धं ऐकलं आणि ठेवला. त्यांची वेळ दुपारची, पण अकराच्या आतच हॉलच्या काचेच्या दाराशी काठी वाजली. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. धापा टाकत चार नंबरपाशी येऊन उभे राहिले.

"काय गं, माझ्या अंत्यविधीला आली नाहीस?"

ती म्हणाली, "आमंत्रण नव्हतं."

इन्चार्जबाईंनी नियम बाजूला ठेवून स्टूल आणून दिलं. ते बसले. मग त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली. त्यांचा फिस्टुला मी हजारदा पाहिलाय. दोरखंडासारखी फुगलेली नस, मनगटापासून कोपरापर्यंत. दिसायला भयंकर. तिने नजर वळवली.

"हात लाव," ते म्हणाले.

तिने बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. "थरथरतंय."

"वाहतंय. चोवीस तास. आता ऐक. मानेतली नळी आहे तोवर तुला पाण्यात उतरता येत नाही. हे असलं की नळी निघते. जखम भरली की डॉक्टर पोहायला सोडतात. मी विचारून आलोय. मला हा हात कधीचाच मिळालाय आणि मला पोहताच येत नाही. साधं तरंगतासुद्धा. फुकट गेला माझ्यावर."

ती छताकडे बघत होती. बकरी तिच्याकडे.

"रोज तू मला ऐकायला नाहीतर बघायला काही ना काही देतेस," ते म्हणाले. "ते ढोलबडवणंसुद्धा मी पूर्ण ऐकलं. आता माझी एक शिफारस. एवढीच."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर परत भांडू."

घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती चकित होईल. तिने नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "म्हातारा पायऱ्या चढून आला, तेव्हाच मला कळलं होतं. तुला वाटलं, तो चिडवायला येतोय?"

हो, मला तसंच वाटलं होतं. माझी गाणी चांगली आहेत. अजूनही म्हणते, फार चांगली आहेत. पण ती मुलगी गाण्यांसाठी येत नव्हती. तिच्याशी भांडायला कोणीतरी थांबलंय, म्हणून येत होती.

९ मार्च, सोमवार

अंडं पाच नंबरवर परत! नव्या रुग्णाने वरची दुपारची शिफ्ट घेतली. इन्चार्जबाईंनी स्वतः स्टुलावर चढून लावलं. वकीलसाहेबांचं ब्लडप्रेशर उत्तम. मोठ्या डॉक्टरांनी औषधाची मात्रा बदलली तेवढं पुरलं, वादाचा काही संबंधच नव्हता म्हणे.

तेव्हा बॅगेत गेलेलं पाकीट आज बाहेर आलं. आत एका छायाचित्रकाराचं छोटं पुस्तक, सगळं काळंपांढरं, पानोपानी रिकामे पूल. वादात ती रंगीताच्या बाजूने होती. वकीलसाहेबांनी पुस्तक उलट सुलट केलं. "म्हणजे तू हरलीस?" ती म्हणाली, "नाही. तुमची बाजू किती कमकुवत आहे ते दाखवतेय."

१८ मार्च, बुधवार

झालं तिचं ऑपरेशन! आईने फोन केला, दोन वाक्यांत तीनदा रडली. मी बेकरीवाल्या काकांना सांगितलं, काकांनी आजींना, आणि वकीलसाहेबांना कोणी सांगायच्या आधीच माहीत होतं. फळ्यावर आज मी काहीच लिहिलं नाही. बेकरीवाल्यांनी विचारलं, "आजची शिफारस?" मी म्हटलं, आज तुम्ही करा. ते लाजले, मग म्हणाले की त्यांची भट्टी पहाटे तापताना जो तडतड आवाज करते तो त्यांनी फोनवर पकडलाय. लावला. पाच माणसं, मी, इन्चार्जबाई, सगळे एक भट्टी ऐकत होतो! आणि काय सांगू, काय आवाज होता तो!

४ मे, सोमवार

आज पहिल्यांदा तिच्या हातात सुया. नस भरली आहे, छान जाड झाली आहे, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला. मी सकाळपासून तीनदा हात धुतले. शेकडो हातांत सुया टोचल्या आहेत, पण आज सुयांचं पाकीट दोनदा तपासून पाहिलं.

तिने हात उशीवर ठेवला आणि तो लाकडासारखा ताठ केला. ताठ हातात सुई नीट जात नाही. "सैल सोड," मी म्हटलं. आणखी ताठ झाला.

पाच नंबरवरून आवाज आला, "शुक्रवारची शिफारस ऐकलीस का? म्हाताऱ्या गायकाची?"

"ऐकली. घसा तुमच्यासारखाच आहे. गिरणीत पीठ दळल्यासारखा."

"घसा कशाला ऐकतेस? शब्द ऐक."

"शब्द ऐकू आले तर ना! सगळे मिशीत अडकलेत."

"आणि तुझ्या त्या चौघींचे शब्द ऐकू येत होते?"

"तिसरं गाणं आवडलं होतं तुम्हाला!"

"बरं म्हणालो होतो. आवडलं म्हणालो नव्हतो. जबाबातले शब्द बदलू नकोस."

"आजोबा, तुम्ही ते घरी परत ऐकलंत. तुमच्या सूनबाईंनी बाहेरच्या बाकावर सांगितलं माझ्या आईला."

"ती साक्षीदार फितूर आहे!"

मुलगी हसत सुटली, खांदे हलेपर्यंत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बरं, टोचा आता. कधी टोचताय?"

"टोचली," मी म्हटलं.

तिने हाताकडे पाहिलं. सुई आत, पट्टी लावलेली, नळीत लालभडक धार चढलेली. ती बघतच राहिली. हॉल गप्प झाला. आजी गप्प, बेकरीवाले काका गप्प. वकीलसाहेबांनी चष्मा काढला आणि उगीचच भिंतीकडे तोंड करून पुसत बसले. आणि त्या शांततेत तिचा हात पुन्हा हळूहळू ताठ व्हायला लागला.

माझ्या हातात दुसरी सुई होती.

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "चष्मा नंतर पुसा. अजून एक बाकी आहे. भांडा!"